तंबोरा लागत नाही तेव्हा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या मंडळींत एक नवाच वर्ग दिसू लागला आहे. पूर्वी माणूस गायनाच्या शिकवणीला येई तो गाणे यावे म्हणून, परीक्षा द्यायची म्हणून, किंवा निदान सोयरीक जमवताना 'मुलगी गाते' असे सांगता यावे म्हणून. आता पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, नोकरी आणि घर दोन्ही ओढणाऱ्या बायका, इतकेच काय, नुकती मिसरूड फुटलेली मुलेही येतात आणि उंबऱ्याशीच सांगून टाकतात, "गुरुजी, गाणे नाही आले तरी चालेल. मन जरा जागेवर राहील असे काहीतरी शिकवा." दांडिया बाजारातून आलेल्या एका बाईंनी तर रागांची यादीच पुढे केली. झोपेसाठी अमुक, रक्तदाबासाठी तमुक आणि काळजीवर दरबारी कानडा! ही यादी कोणी दिली म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "मोबाईलवर आली."

त्या बाईंची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. ज्याचे मन रात्रंदिवस सैरावैरा धावते आहे, तो हाताला लागेल ती फांदी धरणारच. पण राग म्हणजे काढा नव्हे, हे कोणीतरी सांगायला हवे. आणि ते गवयानेच सांगितलेले बरे, कारण आपल्या मालाची खोटी तारीफ न करणे हा व्यापारातला पहिला सचोटीचा नियम आहे. मारवा घ्या. त्यात गवई षड्जाला, म्हणजे सगळ्यांच्या हक्काच्या घराला, होता होईल तो टाळत फिरतो. संध्याकाळी चांगला मारवा ऐकलेला माणूस शांत होऊन घरी जात नाही, उलट कारण नसता हुरहूर घेऊन जातो. हुरहूर लावणे हेच ज्यांचे काम, असे रागही आमच्या पोतडीत आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला संगीत ऐकवल्यास त्याची धास्ती काही अंशी कमी होते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेनच्या आढाव्यात दिसून आले आहे, आणि ते मी आनंदाने मान्य करतो. परंतु अमुक दुखण्यावर अमुक राग असा कोष्टकी हिशेब त्यात नाही.

मग या मंडळींना मी काय शिकवतो? खरे सांगायचे तर पहिले दोन-तीन महिने काहीच शिकवत नाही. तंबोरा लावायला बसवतो.

ते का, हे सांगण्यापूर्वी थोडे शब्दांविषयी. मराठीने या एका दुखण्यासाठी किती शब्द करून ठेवले आहेत! काळजी, चिंता, धास्ती, घोर, घालमेल, तगमग, हुरहूर, अस्वस्थता. हे सगळे एकच नव्हेत. काळजीला विषय असतो. मुलीची काळजी, कर्जाची काळजी, आईच्या गुडघ्याची काळजी. घालमेलीला तो असेलच असे नाही. पुष्कळदा विषय निघून गेलेला असतो आणि घालमेल तेवढी मागे उरते, पाहुणे गेल्यावर अंगणात चपलांची माती उरावी तशी. 'अस्वस्थ' हा शब्द तर उघडून पाहण्यासारखा आहे. स्वस्थ म्हणजे जो स्वतःच्या ठिकाणी आहे तो. अस्वस्थ माणूस आपल्या जागी नसतो. तो उद्याच्या दाराशी उभा असतो, नाहीतर कालच्या ओसरीवर. समर्थांनी दोनशे पाच श्लोक मनाला उद्देशून लिहिले, दुसऱ्या कोणाला नव्हे. दिवेलागणीला आपण सगळ्यांनी लहानपणी ते घोकले. पण मनाशी समोर बसवून बोलावे लागते, ते आपण होऊन ऐकत नाही, ही त्यातली व्यवहारी गोष्ट घोकण्याच्या नादात निसटून गेली असे मला वाटते.

ताणतणावात असलेल्या माणसाला आपण सगळे एकच सल्ला देतो: शांत हो. हा सल्ला देणाऱ्याने कधी स्वतःवर चालवून पाहिला आहे काय? 'शांत हो' असे मनाला बजावले की मन पहिल्या अस्वस्थतेवर दुसरी चढवते. अजून शांत का होत नाही, याची. त्यापेक्षा हाताला आणि कानाला एक लहानसे, नेमके, ज्याचे बरेवाईट लगेच कळते असे काम द्यावे. तंबोरा लावणे हे तसे काम आहे.

ज्यांच्या घरी तंबोरा नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची. पहिली तार मधल्या बोटाने छेडायची, उरलेल्या तीन तर्जनीने, एकामागून एक, घाई न करता. खुंटी पिळून तार जवळपास आणायची, मग खालचा मणी केसभर सरकवून ती नेमकी करायची. त्यानंतर घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक धागा असतो, त्याला आम्ही जीव म्हणतो. तो धागा तसूभर इकडेतिकडे झाला की एका जागी तार एकदम बोलू लागते, जवारी उघडते. चारही तारा खऱ्या लागल्या की एक गंमत होते. खर्जाच्या तारेतून एक गंधार ऐकू येऊ लागतो, जो कोणी छेडलेला नाही आणि ज्याची तार तंबोऱ्यावर नाही. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ओढून आणता येत नाही. तारा खऱ्या लावायच्या आणि ऐकत राहायचे, इतकेच आपल्या हाती. ज्याच्या डोक्यात दहा गोष्टींचा गलबला चालू आहे त्याला तो गंधार ऐकू येत नाही. आणि ज्याला तो ऐकू आला त्याच्या डोक्यातला गलबला, निदान तेवढा वेळ, थांबलेला असतो. दोन्ही गोष्टी एका वेळी होऊ शकत नाहीत, असा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

मोबाईलमध्येही तंबोरा मिळतो, तो वापरू का, असे पुष्कळ जण विचारतात. गाण्यासाठी खुशाल वापरा. परंतु या कामासाठी तो कुचकामी आहे, कारण तो नेहमी लागलेलाच असतो. खरा तंबोरा उन्हाळ्यात उतरतो, पावसाळ्यात त्याचे लाकूड फुगून खुंट्या हलेनाशा होतात, आणि पंखा लावला म्हणूनसुद्धा रुसतो. नीट लावून ठेवलेला तंबोरा अर्ध्या तासाने पुन्हा पाहावा लागतो. यात कोणाचा दोष नसतो. तारेचा तो स्वभाव आहे.

याच्या पुढची पायरी खर्जाची. सकाळी, पोट रिकामे असताना, आपल्या गळ्याला झेपेल त्या खालच्या स्वरावर आकार लावून श्वास संपेपर्यंत थांबायचे. आवाज मोठा नको, सजवलेला नको. नवशिक्याचा दम सात-आठ सेकंदांत संपतो. काही महिन्यांनी पंधरा-वीसपर्यंत जातो. याचे कारण शरीरशास्त्रात आहे आणि ते कोणालाही पडताळून पाहता येते. मनगटावर नाडी धरून बसा. श्वास आत घेताना ती किंचित जलद चालते, सोडताना मंदावते. धास्तावलेला माणूस भरभर, वरवर श्वास घेतो. आत घेण्याचीच त्याला घाई. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. खर्ज भरताना तीच संख्या पाच-सहावर येते, आणि श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा कितीतरी लांबतो. मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणारी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. लांब निःश्वासात तो लगाम खेचला जातो. म्हणजे जे काम 'शांत हो' या उपदेशाने होत नाही, ते षड्जावर थांबल्याने थोडेफार होते. आमच्या जुन्या गवयांना ही नस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. खर्ज भरल्याशिवाय चहा नाही, एवढा नियम त्यांना ठाऊक होता.

माझ्या घरातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. आजोबा बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात गवई होते. आमचे अण्णा, म्हणजे वडील, सोळाव्या वर्षी त्यांच्यामागे तंबोऱ्यावर बसू लागले आणि पुढे स्वतःही चाकरीत लागले. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. त्याच्या गोष्टी ऐकल्या. त्यांतल्या बहुतेक गाण्याच्या नव्हत्या, वाट पाहण्याच्या होत्या. संध्याकाळी तयार होऊन जायचे, बाहेरच्या दालनात बसायचे आणि आतून वर्दी येण्याची वाट पाहायची. कधी तासाने येई, कधी मध्यरात्री, कधी येतच नसे. सगळे थोर कलावंत, पण त्या दालनात प्रत्येकाची परी निराळी. कोणी पानावर पान खाई, कोणी फेऱ्या मारी, कोणी उगाच शेजाऱ्याशी वाद उकरून काढी. आजोबा मात्र दर पाव तासाने अण्णांना म्हणत, "बघ रे, जोड उतरली." उतरलेली असो वा नसो, अण्णा पाहत. वर्दी आली तेव्हा तंबोरा लागलेला असे, हा एक फायदा झाला. दुसरा फायदा अण्णांना फार पुढे कळला.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार संपला आणि त्याबरोबर अण्णांची चाकरीही. तेव्हा ते विशीत नुकतेच आलेले होते. त्यानंतरची चाळीस वर्षे शिकवण्या, कीर्तनाची साथ, नाटकाच्या तालमीत पेटी, असे जे मिळेल ते त्यांनी केले. मला आठवतात ते अण्णा साठीकडे झुकलेले. घरात पैसे नाहीत, ताईच्या लग्नाचे जमत नाही, आईच्या तपासण्यांचा काय निकाल येतो कोण जाणे, यांपैकी कशाचाही उच्चार त्यांनी आम्हा भावंडांसमोर केला नाही. चेहऱ्यावरूनही कधी कळले नाही. आम्हाला ते तंबोऱ्यावरून कळे. एरवी दहा मिनिटांत लागणारा तंबोरा एखाद्या पहाटे पाऊण तास लागत नसे. अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही ऐकत असू: तार वर जाते आहे, थोडी जास्तच गेली, पुन्हा खाली आली, मणी सरकला, पुन्हा पहिल्यापासून. आई स्वयंपाकघरातून हळूच सांगे, "आज बाहेर दंगा करू नका रे, तंबोरा लागत नाहीये." आणि मग केव्हातरी तो लागे. अण्णा उठून अंघोळीला जात. लग्नाचे जमलेले नसे, पैसे आलेले नसत. पण त्या दिवशीच्या शिकवण्या ते घेत आणि एकाही विद्यार्थ्यावर डाफरत नसत.

आज दरबार नाही, वर्दीची वाट पाहणे मात्र संपलेले नाही. फार तर दालने बदलली. आपल्या शहरात असे घर विरळा, ज्यातले एखादे मूल कॅनडात नाहीतर अमेरिकेत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी रात्री जेवण झाल्यावर फोन मांडीवर घेऊन बसतात, कारण तिकडे तेव्हा सकाळ होत असते. नातवाचा फोन आला तर पाच मिनिटे, नाही आला तर रात्रभर. मी त्यांना एक जुना तंबोरा घरी नेऊन ठेवायला सांगितले आहे. फोन यायचा तेव्हा येईल, तोवर जोड उतरली का ते पाहावे. त्या हसल्या, पण तंबोरा घेऊन गेल्या.

दुसरी गोष्ट लयीची. घाबरलेला गवई कसा ओळखावा? आवाज कापतो म्हणून नव्हे. तो भल्याभल्यांचा कापतो. घाबरलेला गवई धावतो. विलंबित एकतालात मात्रा बारा, आणि ठेका संथ असला तर एक आवर्तन सहज पाऊण मिनिटाचे होते. एवढी मोकळी जागा समोर पाहिली की अननुभवी गायकाला ती भरून काढण्याची घाई होते आणि तो सम येण्यापूर्वीच समेवर येऊन उभा राहतो. काळजीचेही असेच आहे. जे व्हायचे आहे ते होण्याआधीच माणूस तिथे दहा वेळा जाऊन येतो. आमच्या व्यवसायात यावर उपाय म्हणजे तबलजी. गवई कितीही धावला तरी जो आपला ठेका सोडत नाही, तो खरा साथीदार. प्रत्येक घरात असे एक माणूस असते. त्याचे कोणी कौतुक करत नाही हा भाग निराळा.

दहावीतली एक मुलगी गणेशोत्सवात प्रथमच गायला बसणार होती. हात गार, गळा कोरडा. "गुरुजी, ही थरथर कशी घालवू?" मी म्हटले, "घालवू नकोस. तिला बरोबर घेऊन बस. तंबोरा तू स्वतः लाव, लोकांसमोर, हवा तेवढा वेळ घेऊन. आणि मग मंद्र षड्जावर तीन श्वास." मंडळाच्या कार्यकर्त्यांची थोडी चुळबुळ झाली, कारण पुढे बक्षीससमारंभ होता. पहिली दोन आवर्तने आवाज कापला. तिसऱ्यात तो कापत होता की नाही याकडे तिचे लक्ष नव्हते. घरी जाताना तिच्या वडिलांनी विचारले, "भीती गेली ना?" ती म्हणाली, "नाही, होती की शेवटपर्यंत. पण ती मागच्या रांगेत बसली होती."

त्या यादीतल्या दरबारी कानड्याकडे आता वळतो, कारण त्याला न्याय दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. अब्दुल करीम खाँसाहेब तरुणपणी काही काळ आपल्या बडोदे दरबारात होते. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीकडे आगगाडीने जात असता त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगापेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, नमाज पढला, आणि दरबारीत प्रार्थना आळवीत देह ठेवला, असे सांगतात. लोक ही गोष्ट संतचरित्रासारखी सांगतात. मला तीत दिसते ते एवढेच, की छातीत कळा येत असताना त्या माणसाने आधी तारा लावून घेतल्या. रोज जे केले तेच त्या वेळी हाताशी आले.

आणि दरबारीचा तो कोमल गंधार! शिकवायला याच्याइतका कठीण स्वर नाही. विद्यार्थी तो सरळ लावतो, तर तो मरतो. हलवतो, तर तो थरथरतो. दरबारीचा गंधार आंदोलित आहे. तो हलतो, पण सावकाश, जड झोपाळ्यासारखा, आणि कुठे परत यायचे ते त्याला ठाऊक असते. स्थिर मन म्हणजे न हलणारे मन, असे जे आपण समजून चालतो, ते हा स्वर ऐकल्यावर मला पटेनासे होते. यादीवाल्या बाईंना मी दरबारी शिकवायचे कबूल केले आहे. मात्र त्या स्वराला किमान एक वर्ष लागेल हेही सांगून ठेवले आहे.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तंबोऱ्याच्या पलीकडची अस्वस्थता असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावरची वासना उडाली, कामावर जाववत नाही, जगणे नको वाटते, अशा माणसाने माझ्याकडे येऊ नये, आधी डॉक्टरांकडे जावे. छातीतली धडधड थायरॉईडच्या दोषानेही होते. दिवसाला आठ कप चहानेही होते. केंद्र सरकारने २०२२ साली टेलि-मानस नावाची दूरध्वनीसेवा सुरू केली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे; पैसे पडत नाहीत. तिथे फोन करण्यात कमीपणा वाटणारे लोक दातदुखीसाठी मात्र रांगेत उभे राहतात, याचे मला नवल वाटते.

माझ्याकडे येणारे एक बँकेतले गृहस्थ या बाबतीत फार शहाणे निघाले. रात्री दोन वाजता दचकून उठायचे, हृदय थांबते की काय अशी भीती. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या; हृदय ठणठणीत, थायरॉईडही ठीक. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी दिली, काही महिने बोलायला बोलावले, आणि काहीतरी छंद धरा म्हणाले. तेव्हा ते माझ्याकडे आले. गोळी चालू आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले; डॉक्टर सांगतील तोवर ती सोडू नका, असे मीही सांगितले. गोळीचे आणि गाण्याचे वैर नाही.

पहिल्या महिन्यात त्यांना पंचम आणि मध्यम यांतला फरक कळत नव्हता. एकदा वैतागून म्हणाले, "गुरुजी, आमच्या खात्यात एक पैशाची तफावत निघाली तर सापडेपर्यंत आम्ही घरी जात नाही. ही तफावत तर दिसतही नाही!" मी म्हटले, ऐकू येते तीच शोधा. चौथ्या महिन्यात एका गुरुवारी ते छेडता छेडता थांबले आणि दाराकडे पाहू लागले. बाहेर कोणी गाते आहे का, असे त्यांनी विचारले. बाहेर कोणी नव्हते. त्यांना गंधार ऐकू आला होता.

दोनला जाग अजून येते, असे ते सांगतात. पूर्वी रोज येई, आता आठवड्यातून एकदोनदा. तेव्हा ते उठून बाहेरच्या खोलीत बसतात. घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून तारा छेडत नाहीत, तंबोरा मांडीवर घेऊन अगदी हलक्या आवाजात खर्ज लावतात आणि श्वास मोजतात. दिवाळीनंतर भूप सुरू करू असे आमचे ठरले होते, ते अजून झालेले नाही. परवा थंडीने खुंट्या सैल पडल्या होत्या आणि खर्जाची तार काही केल्या टिकेना. मी उठून खडू शोधू लागलो, तर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. मुलीच्या शाळेतला खडू, कुटून आणलेला. खुंटी काढून त्यांनी तिला पूड फासली, जागेवर घट्ट बसवली आणि पंचमापासून पुन्हा सुरुवात केली.